'प्रोजेक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या फॅन्टसी फुटबॉलमध्ये (खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडायचा, त्यांच्या सामन्यातल्या कामगिरीवर गुण मिळतात) 'प्लेअर प्रोजेक्शन' असतं, म्हणजे खेळाडूला किती गुण मिळतील त्याचा आधीच दिलेला आकडा. त्याला 'प्रक्षेपण' म्हणावं की 'भाकीत'? आणि प्रोजेक्शन १३.८ असताना खेळाडूला ११ च गुण मिळाले, तर ते चुकलं म्हणायचं का?

'प्रक्षेपण' नकोच. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, खेळाडूचं प्रक्षेपण म्हटलं की वाचणाऱ्याला टीव्हीच आठवणार. 'भाकीत' ज्योतिषाचं, एक तर खरं ठरतं नाहीतर खोटं. हवामान खातं देतं तो 'अंदाज', आणि प्रोजेक्शन त्याच जातीचं. तरी मला 'अपेक्षित गुण' जास्त पटतं, कारण हा आकडा मुळात सरासरी असतो.

एक रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, घ्या. सामन्यात त्याच्याकडे ८ पास येतील असं धरू. यांना 'टार्गेट' म्हणतात, आणि ते तसंच ठेवावं. 'लक्ष्य' म्हटलं की क्रिकेटमधला धावांचा पाठलाग डोळ्यांपुढे येतो. ६५ टक्के पास पकडले तर झेल ५.२. दर झेलामागे १२ यार्ड धरले तर ६२.४ यार्ड, आणि १० यार्डांना १ गुण म्हणजे ६.२४. टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) सरासरी ०.४, एकाचे ६ गुण, म्हणून २.४. पीपीआर ('पॉइंट पर रिसेप्शन') लीगमध्ये प्रत्येक झेलाला १ गुण असतो, तिथे बेरीज १३.८४. हाफ पीपीआरमध्ये झेलाला अर्धाच गुण, म्हणून ११.२४. स्टँडर्डमध्ये झेलाला काहीच नाही : ८.६४. तेव्हा दोन ठिकाणचे आकडे ताडण्याआधी गुणपद्धत एकच आहे ना, ते बघा.

आता ०.४ टचडाउन कोणी करत नाही. झेल आणि यार्ड अगदी अंदाजाबरहुकूम पडले, तरी टचडाउन नसेल तर ११.४४ आणि एक झाला तर १७.४४. मधले १३.८४ मिळतच नाहीत! त्यामुळे ११ गुणांवरून अंदाज चुकला म्हणता येत नाही. पारख करायची ती बऱ्याच आठवड्यांच्या आकड्यांवरून.

'फ्लोअर' आणि 'सीलिंग'ला सर्रास 'किमान-कमाल' म्हणतात, त्याने मात्र घोटाळा होतो. किमान म्हणजे त्याखाली जाणारच नाही असं वाटतं. पहिल्याच क्वार्टरमध्ये दुखापत झाली तर शून्यही पडतं. 'वाईट दिवसाचे गुण' आणि 'चांगल्या दिवसाचे गुण' हे जास्त नेमकं. समोरच्या संघाचे अपेक्षित गुण तुमच्यापेक्षा बरेच जास्त असतील, तर फ्लेक्सच्या, म्हणजे एकाहून जास्त प्रकारचे खेळाडू चालतात अशा, जागी चांगल्या दिवसाचे गुण भरपूर असलेला खेळाडू लावा. आघाडी तुमची असेल तर वाईट दिवशीही बरे गुण आणणारा.