टॅग भलतीकडेच उडी मारतोय

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमचे कंट्रोलर बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये लागलोय. कोड सी मधला, जुना, आणि लिहिणारे सर सोडून गेलेत. व्हिम या एडिटरसाठी सीटॅग्ज, सीस्कोप ही कोडातली नावं शोधून देणारी दोन्ही टूल्स टाकली, पण फंक्शनवरून उडी मारली की भलत्याच फाइलीत जातंय. सबफोल्डरमधून व्हिम उघडला तर सीस्कोपला फाइलच सापडत नाही. फोल्डरमध्ये 'ओल्ड', 'फायनल' आणि 'गड्ड्या आधीचा' (म्हणजे आमच्या गड्डा यात्रेआधीचा) अशा तीन कॉप्या आहेत. शेवटी ग्रेपनं साधा शब्दच शोधत बसतो. काय चुकतंय?
- एक वाचक, सोलापूर

उत्तर: अहो, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय की! एकच फंक्शन तीन कॉप्यांत आहे म्हटल्यावर टॅग, म्हणजे फंक्शन कुठं लिहिलंय ती नोंद, तरी कुठं जाणार बिचारा. कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की व्हिम पहिला जो सापडेल तिथं नेतो. त्याऐवजी जी आणि तोच कंस दाबा, सगळ्यांची यादी दिसेल, मग गोंधळ केवढा आहे ते कळेल.

आता आधी फाइलींची यादी बनवा. फाइल शोधणाऱ्या फाइंड कमांडला कोडच्या फोल्डरचा मुळापासूनचा पूर्ण पत्ता द्या, फक्त डॉट सी आणि डॉट एच उचला, जुन्या कॉप्या वगळा, आणि आउटपुट 'सीस्कोप डॉट फाइल्स' नावानं ठेवा. पत्ते पूर्ण असले की सबफोल्डरवाली कटकट गेली, कारण तुमच्या यादीत आत्ता बहुतेक डॉटपासूनचे, म्हणजे चालू फोल्डरपासूनचे पत्ते असणार. हीच यादी सीटॅग्जलाही डॅश कॅपिटल एल नं देता येते, म्हणजे दोघं एकच कोड बघतील. फक्त फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका, सीस्कोपला अशा नावाभोवती डबल कोट लागतात आणि सीटॅग्ज ते कोट नावाचाच भाग समजतो, मी यात एक अख्खी दुपार घालवलीय.

मग सीस्कोप चालवताना बी, क्यू, के हे तीन ऑप्शन द्या. बी म्हणजे फक्त इंडेक्स बनव, क्यू नं शोध फास्ट होतो, पण तुमच्यासाठी खरा कामाचा के. तो नसला तर सीस्कोप पीसीच्या यूएसआर इन्क्लूडमधले हेडर ओढून आणतो, आणि तुमचा कोड तर मायक्रोकंट्रोलरवर चालणार, त्या हेडरांचा इथं काय संबंध!

व्हिमच्या टॅग्ज सेटिंगमध्ये 'डॉट स्लॅश टॅग्ज' पुढं सेमिकोलन टाका, मग तो वरच्या फोल्डरांतही शोधत जातो. निओव्हिम, म्हणजे व्हिमचाच नवा अवतार, वापरत असाल तर ०.९ पासून सीस्कोप आतून काढून टाकलाय, प्लगिन लागेल.

आता एक गोष्ट, जिथं नवीन माणूस हमखास फसतो. सीस्कोपला 'हे फंक्शन कोण बोलावतं' विचारलं आणि काहीच नाही आलं, तर लगेच डेड कोड, म्हणजे कुठंच न वापरलेला कोड, समजून उडवू नका बरं का. अशा कंट्रोलरच्या कोडात फंक्शन बऱ्याचदा पॉइंटरच्या, म्हणजे फंक्शनच्या पत्त्यांच्या, टेबलमध्ये टाकलेलं असतं, समजा धागा तुटल्यावर लूम थांबवणारं फंक्शन, त्याला नावानं कोणीच बोलावत नाही. तेव्हा 'कोण बोलावतं' विचारणाऱ्या 'सी' ऐवजी 'एस' नं शोधा, ते नाव जिथं जिथं आलंय ती प्रत्येक ओळ दिसते, टेबलसुद्धा.

आणि इफडेफच्या, म्हणजे अटीनुसार कंपाइल होणाऱ्या कोडाच्या, दोन्ही बाजू सीटॅग्जला बहुतेकदा दिसतात, कुठली कंपाइल होते ते त्याला माहीत नसतं. ते हवं असेल तर क्लँगडी हे कंपायलरसारखं कोड समजणारं टूल लावा, कोड बिल्ड करणाऱ्या मेकला बेअर या टूलमधून चालवलं की त्याला लागणारी फाइल तयार होते. पण आधी त्या तीन कॉप्यांतली बोर्डवर नक्की कुठली चढते ते युनिटमध्ये कोणाला तरी विचारून घ्या.