तिसऱ्या वर्षी गादी ओली होते, तेव्हा

पावसाळा लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास वाढतो. गाद्या वाळत नाहीत, खोलीला वास धरतो, आणि टेकीला आलेल्या आया विचारतात, "दिवसा शू आली की बरोबर सांगतो, स्वतः चड्डी काढतो. मग रात्रीच काय होतं? मुद्दाम करतो का हा?" मूल असतं तीन-साडेतीन वर्षांचं. नुकतीच नर्सरी सुरू झालेली असते, आणि जावेचा मुलगा म्हणे दोन वर्षांचा असतानाच रात्रीचा कोरडा राहायला लागला होता.

एका घराची गोष्ट सांगते. ते घर ओळखू येईल असं सगळं काढून टाकलं आहे.

पहिल्यांदा आई एकटीच आली. मुलगा सव्वातीन वर्षांचा. उन्हाळ्यात डायपर सोडवला, दिवसाचं आठवडाभरात जमलं, रात्रीचं काही जमेना. सासूबाईंनी संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केलं होतं. रात्री बारा आणि तीनला त्या त्याला उठवून बाथरूममध्ये उभं करत. झोपेतच तो शू करायचा, कधी 'करायची नाही' म्हणून रडायचा. आणि तरीही पहाटे गादी ओली.

मी विचारलं, "सकाळी गादी ओली दिसल्यावर घरात काय काय होतं? अगदी क्रमानं सांगा."

"सासूबाई गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकतात. समोरच्या काकू विचारतात, 'आजपण का?' मी चादरी मशीनला लावते. ऑफिसला उशीर होतो, मग माझी चिडचिड होते. हे काही बोलत नाहीत, आंघोळीला जातात."

"आणि मुलगा?"

ती जरा थांबली. "परवा त्याची ओली चड्डी मशीनच्या मागे सापडली. त्यानं लपवली होती."

सव्वातीन वर्षांचं मूल ओली चड्डी लपवतं, तेव्हा माझ्या दृष्टीनं मूळ प्रश्न बदलतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांची मांडणी मी फार जवळची मानते. त्यांच्या म्हणण्यानुसार साधारण दीड ते तीन या वयात मुलाला 'माझं मला जमतं' याचा अनुभव यावा लागतो. तो आला नाही तर तिथे लाज आणि स्वतःबद्दलची शंका घर करते. माझ्या कामात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून मुलाच्या रात्रीबद्दल विचारण्याआधी मी घराची सकाळ विचारते.

त्या दिवशी आईला मी शरीराचं थोडं समजावलं. दिवसाचा ताबा शिकवता येतो, रात्रीचा येत नाही. तो दात येण्यासारखा आहे, ज्याच्या त्याच्या वेळेनं येतो. रात्री मेंदू एक संप्रेरक जास्त सोडतो आणि त्यामुळे लघवी कमी तयार होते. काही मुलांमध्ये हे चक्र उशिरा बसतं. तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १२० मिली मावतं. ते भरल्याचा निरोप गाढ झोपेतल्या मेंदूला ऐकू यावा लागतो, तोही हळूहळूच यायला लागतो. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. पाचव्या वर्षीसुद्धा शंभरातल्या पंधराएक मुलांची गादी ओली होते, आणि पुढे दरवर्षी त्यातली काही मुलं आपोआप कोरडी राहू लागतात. अर्धवट झोपेत उचलून नेलं तर त्या रात्रीची गादी वाचते, इतकंच. मूल त्यातून जागं व्हायला शिकत नाही.

तिला पटलं. पण म्हणाली, "हे सासूबाईंना कोण सांगणार?"

पुढच्या वेळी मी तिघांना बोलावलं. आजी खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. बाबा खिडकीकडे बघत होते. मी कुणालाच काही समजावलं नाही. फक्त विचारलं, "तुमच्या घरात लहानपणी हे आणखी कुणाला होतं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा शांततेत घाई करून काही बोलायचं नाही, हे मला जमतं, आणि माझ्या कामातलं ते सगळ्यात मोलाचं कसब आहे असं मी मानते.

मग बाबा म्हणाले, "मला. चौथीपर्यंत."

बायकोनं वळून पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, तिला हे माहीत नव्हतं.

आजींचे डोळे भरले. "ह्याचे वडील मारायचे हो ह्याला. ओल्या गादीवरच उभं करायचे. मी मध्ये पडले की मलाही बोलायचे. नातवाचं सुरू झालं तसं माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आत्ताच सवय लावली तर ह्याला कुणाचा मार नको खायला."

बाराला आणि तीनला उठणाऱ्या आजी मला तेव्हा खऱ्या दिसल्या. घरात सगळे त्यांना कडक समजत होते. त्या मात्र तीस वर्षांपूर्वी ज्या मुलाला वाचवू शकल्या नाहीत, त्याच्यासाठी अजून जागत होत्या. मूल ज्या ताणात असतं तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या पिढीचा असतो, हे माझं मत अशाच अनुभवांतून पक्कं झालं आहे. एका पालकाला हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता बरीच वाढते, शंभरात चाळीसेक. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुलाचीही चूक नव्हती?"

नव्हती. हे त्यांना कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्या रात्री बाबांनी मुलाला जवळ घेऊन सांगितलं, "मी लहान होतो ना, माझी पण गादी ओली व्हायची. मग मोठा झालो आणि थांबलं." मुलगा म्हणे तीनदा विचारत होता, "तुझी पण?"

बाकीचं साधं होतं. रात्रीचं उठवणं बंद. झोपायच्या आधी एकदा शू. पाणी दिवसभर भरपूर, झोपण्याआधीच्या तासात फक्त घोटभर. तहानलेलं मात्र ठेवायचं नाही. संध्याकाळचा चहा-बिस्कीटमधला चहा बंद. गादीवर मेणकापड, त्यावर एक दुपटं, उशाशी कोरडी चड्डी, आणि बाथरूमचा दिवा चालू. चादर गॅलरीत वाळत घालायची ती इतर कपड्यांबरोबर. काकूंनी विचारलं तर "लहान आहे अजून" म्हणून विषय संपवायचा. मुलगा ओली चड्डी स्वतः बादलीत टाकेल, ते त्याचं काम, शिक्षा म्हणून नव्हे. कोरड्या सकाळी फार कौतुक करायचं नाही, नाहीतर ओली सकाळ पुन्हा नापास झाल्यासारखी वाटते.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक घरी विचारते: शी रोज आणि मऊ होते का? पोट साफ नसेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. या मुलाला दोन-तीन दिवस होत नसे. फळं, भाज्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते मार्गी लागलं. आजींनी तिळाचे लाडू विचारले. तीळ पौष्टिक आहेत, जरूर द्यावेत. पण त्यानं शू थांबेल या आशेनं रोज सकाळी गादी चाचपू नये.

गादी पुढेही कितीतरी महिने अधूनमधून ओली होत राहिली. चड्डी मात्र पुन्हा मशीनमागे सापडली नाही. साडेचारच्या सुमारास बहुतेक रात्री कोरड्या जायला लागल्या.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, लघवीला जळजळ होत असेल, दिवसाही थेंब थेंब गळत असेल, अचानक खूप तहान लागून वजन घटत असेल किंवा झोपेत जोरात घोरत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. सहा-सात वर्षांनंतरही रोज होत असेल तर उपाय आहेत, ओलं होताच वाजणारा अलार्मही आहे. तेही डॉक्टरांशी बोलूनच. आणि लग्नाला परगावी जायचं असेल, दुसऱ्याच्या घरी झोपायचं असेल, तर मुलाला आधी सांगून रात्रीपुरता डायपर घालायला काहीच हरकत नाही. त्यानं झालेली प्रगती मागे जात नाही.