डीएनएची प्रत कुठून आणि कधी काढायची, हे एकपेशीय जीवात कसं ठरतं?

तुम्ही ‘जनुकाची प्रत कशी निघते’ असं विचारलंय. पण जीवाणू सहसा एकेका जनुकाची सुटी प्रत काढत नाही. ई. कोलाय या जीवाणूचं सुमारे 46 लाख अक्षरांचं (ए, टी, जी, सी हे डीएनएचे घटक म्हणजे ही अक्षरं) गोल गुणसूत्र अख्खं उतरवलं जातं, आणि सुरुवात ठरलेल्या एकाच जागेपासून होते. तिचं नाव ओरी-सी, लांबी जेमतेम 245 अक्षरं.

या जागेत टीटीएटीसीसीएसीए हा नऊ अक्षरांचा क्रम थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. डीएनए-ए नावाचं प्रथिन तो ओळखून तिथे चिकटतं. अशी पुरेशी प्रथिनं जमली की शेजारचा ए आणि टी यांनी भरलेला पट्टा उसवतो. ए-टी जोडीत दोनच हायड्रोजन बंध असतात, जी-सीत तीन, त्यामुळे शिवण तिथेच कच्ची. मग त्या उघड्या धाग्यांवर हेलिकेज हे धागे उलगडत जाणारं प्रथिन चढवलं जातं आणि दोन्ही दिशांना काम सुरू होतं.

मला मात्र ‘कधी’चं उत्तर जास्त आवडतं. ओरी-सीमध्ये जीएटीसी हा क्रम 11 ठिकाणी आहे आणि त्यातल्या ए-वर मिथिल या छोट्या रासायनिक गटाची खूण असते. नुकत्याच निघालेल्या प्रतीत ती फक्त जुन्या धाग्यावर असते. अशी अर्धवट खूण दिसली की सेक-ए प्रथिन तिथे ठाण मांडतं आणि काही वेळ डीएनए-एची डाळ शिजू देत नाही. म्हणून एका फेरीत तीच जागा दोनदा सुरू होत नाही. (शिकत असताना ही खूण फक्त चुका दुरुस्त करण्यासाठी असते, असाच माझा समज होता.)

यीस्टमध्ये सुरुवातीच्या जागा काहीशे. तिथला ओळखीचा क्रम 11 अक्षरांचा, पण तसे हजारो क्रम असूनही थोडेच वापरले जातात. म्हणजे नुसत्या अक्षरांवर भागत नाही, आजूबाजूचा डीएनए मोकळा आहे की गुंडाळलेला, यावरही बरंच अवलंबून असतं.

तुमचा प्रश्न शब्दशः लागू पडतो तो टेट्राहायमेना या दोन केंद्रकं असलेल्या एकपेशीय जीवाला. याच्या मोठ्या केंद्रकात आरआरएनएचं (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा भाग असलेल्या आरएनएचं) जनुक गुणसूत्रातून कापून वेगळं काढलं जातं आणि त्याच्या सुमारे 9,000 प्रती होतात, इतर जनुकांच्या साधारण 45. या जनुकाच्या अलीकडे, त्याची प्रत काढण्यावर ताबा ठेवणारे ‘टाइप-1’ नावाचे छोटे क्रम आहेत. त्यांत बिघाड झालेल्या प्रती धडधाकट प्रतींसोबत एकाच पेशीत असल्या, तर दर विभाजनागणिक मागे पडत जातात आणि शेवटी दिसेनाशा होतात.