ऑफिसात ग्रासहॉपरवाला मी एकटाच, माझी माणसं भेटणार कुठे?

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी आर्किटेक्ट, पुण्यात एका मोठ्या फर्ममधे चार वर्षं आहे. फसाड, पार्किंग, एरिया स्टेटमेंट, जिथे जिथे स्क्रिप्ट लागते ते सगळं माझ्याकडे येतं कारण ऑफिसात ग्रासहॉपर (राइनो या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधलं, नोड जोडून स्क्रिप्ट बनवायचं टूल) येणारा मी एकटाच. अडलं तर विचारायला कोणी नाही, आणि काही भारी जमलं तर त्यात भारी काय आहे हे कळणारंही कोणी नाही. बॉसला वाटतं बटण दाबलं की होतं. व्हॉट्सॅपवर ग्रुप जॉइन करून बघितले, तिथे कोर्सच्या जाहिराती आणि गुड मॉर्निंग. लिंक्डइनवर तर सगळेच एक्स्पर्ट. माझ्यासारखं काम करणारी माणसं असतात तरी कुठे?
– एकुलता एक, बाणेर

उत्तर : हे दुखणं जुनं आहे हो, आणि मोठमोठ्या ऑफिसांनाही होतं. २००१ मधे लंडनच्या बाजूला स्मार्टजॉमेट्री नावाचा, कॉम्प्युटरच्या मदतीनं डिझाइन करणाऱ्यांचा ग्रुप सुरू झाला तो ह्यू व्हाइटहेड, लार्स हेसलग्रेन आणि जे पॅरिश या तिघांनी केला, तिघे जुने ओळखीचे पण तोवर वेगवेगळ्या फर्ममधे, म्हणजे कामासाठी एकमेकांचे स्पर्धकच म्हणा ना. तरी एकत्र बसले. पुढे त्याच ग्रुपच्या वर्कशॉपमधे ऑफिसवाले, कॉलेजवाले आणि सॉफ्टवेअर लिहिणारे एकाच टेबलाला बसून काम करायला लागले. त्यामुळे तुमच्याच फर्ममधे दुसरा कोणी सापडेल ही आशा सोडा, तुमचा माणूस बहुतेक समोरच्या फर्ममधे बसलाय आणि तोही वैतागलाय.

आता कुठे शोधायचं. तुम्ही शोधताय ‘कॉम्प्युटेशनल डिझायनर’ (स्क्रिप्ट लिहून डिझाइन करणारा) या पाटीखाली आणि त्या पाटीखाली कोणीही येतं. वाकड्यातिकड्या पॅव्हिलियनचे रेंडर टाकणारा विद्यार्थी येतो, रेव्हिट या बिल्डिंग मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधे दरवाज्यांचे नंबर आपोआप टाकणारा येतो, कोर्स विकणारा तर पहिला येतो. हे तिघं एकमेकांशी बोलणार काय? म्हणून रोज जे टूल उघडता त्याच्या फोरमवर जा. ग्रासहॉपर २००७ साली ‘एक्सप्लिसिट हिस्टरी’ या नावानं आलं, डेव्हिड रटननं लिहिलेलं, आणि हा माणूस वर्षानुवर्षं फोरमवर स्वतः उत्तरं देत आलाय, त्यावरचं कांगारू प्लगिन लिहिणारा डॅनियल पायकरही तसाच. आता सगळी वर्दळ मॅकनीलच्या, म्हणजे राइनो बनवणाऱ्या कंपनीच्या, डिस्कोर्स फोरमवर असते. ऊन, सावली, एनर्जी असलं काम असेल तर लेडीबग टूल्सचा वेगळा फोरम आहे. राइनोतून रेव्हिटमधे आणि तिथून अजून कुठे डेटा नेताना जीव जात असेल तर स्पेकल म्हणून ओपन सोर्स प्रकार आहे, त्यांचाही फोरम आहे. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुमची जागा पहिल्याच ठिकाणी आहे, बाकीच्यांकडे गरज पडेल तेव्हा जा, एकदम सगळीकडे अकाउंट काढून बसू नका.

पण जॉइन होऊन नुसतं वाचत बसलात तर तिथेही एकटेच. प्रश्न टाका, आणि तो नीट टाका. उदाहरण घेऊ. समजा ४० पॉइंट आहेत आणि ४० कर्व्ह, प्रत्येक पॉइंटला एक कर्व्ह मिळून ४० पॅनल यायला हवेत आणि येतायत १६००. बहुतेक वेळा एका बाजूला ग्राफ्ट (यादीतली प्रत्येक वस्तू वेगळ्या फांदीत टाकणं) लागलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, त्यामुळे प्रत्येक पॉइंट सगळ्या ४० कर्व्हना जाऊन भिडतो. हे फाइल बघून जाणत्या माणसाला मिनिटभरात कळतं, पण लोक टाकतात काय, तर अख्ख्या कॅनव्हासचा स्क्रीनशॉट, ज्यात एक अक्षर वाचता येत नाही, आणि खाली ‘नॉट वर्किंग, प्लीज हेल्प’. आता यावर कोण काय बोलणार? त्यापेक्षा अडलेला तेवढाच तुकडा कापून नव्या फाइलमधे घ्या, राइनोमधून येणारी जॉमेट्री ज्या पॅरामीटरमधे आहे त्यावर राइट क्लिक करून ‘इंटर्नलाइज डेटा’ करा म्हणजे समोरच्याला तुमची राइनो फाइल लागतच नाही, आणि फाइल जोडा. सोबत दोन ओळी, काय हवं होतं आणि काय आलं. हा तुकडा कापता कापताच निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच मिळतं, मग पोस्ट करायची गरजच उरत नाही हे वेगळं. आणि उत्तर लगेच आलं नाही म्हणून नाराज होऊ नका, मॅकनीलचं ऑफिस सिएटलला आहे, त्यांची सकाळ होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ-दहा झालेले असतात. युरोपवाले मात्र आपल्या दुपारी जागे असतात.

ओळखी खऱ्या होतात त्या उत्तरं द्यायला लागल्यावर. तुम्हाला वाटेल मी काय कोणाला शिकवणार, पण चार वर्षं पार्किंगच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माणसाला जे येतं ते फोरमवरच्या निम्म्या पोरांना येत नाही, रोज एखादं सोपं उत्तर द्या. तीच तीच नावं दिसायला लागतात, त्यातला एखादा मुंबईचा निघतो, एखादा तुमच्याच गावचा. त्याला मेसेज करा आणि भेटा, पण भेटताना लॅपटॉप घेऊन जा आणि एकेकानं आपली एकेक फाइल उघडा. नुसत्या चहावर भेटलात तर पगार आणि बॉस याच्या पलीकडे गाडी जात नाही, अनुभव आहे. व्हॉट्सॅप ग्रुप काढायचाच असेल तर तेव्हा काढा, आणि छोटा ठेवा.

प्रश्न : मी आर्किटेक्ट नाही, कॉन्ट्रॅक्टरकडे सिव्हिल इंजिनियर आहे. रेव्हिट आणि डायनामोमधून (रेव्हिटवर नोड जोडून स्क्रिप्ट लिहायचं टूल) बीबीएस, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता, काढायचं खूळ डोक्यात बसलंय, एक्सेलमधे मान मोडून करण्यापेक्षा बरं पडतं. पण माझं इंग्लिश कच्चं आहे, फोरमवर प्रश्न टाकला तर लोक हसतील असं वाटतं. आमच्यासारख्या साइटवाल्यांना या मंडळींत जागा आहे का?
– साइटवरचा, डोंबिवली

उत्तर : जागा आहे का काय विचारता, कन्स्ट्रक्शनवाल्यांचे प्रश्न जास्त खरे असतात. इंग्लिशचं टेन्शन पहिलं काढून टाका. डायनामोच्या फोरमवर जगभरातली माणसं येतात, इटालियन, ब्राझिलियन, जपानी, त्यांचंही इंग्लिश तुमच्यामाझ्यासारखंच असतं आणि कोणी कोणाला हसत नाही. मराठीत लिहून ट्रान्सलेटरमधून काढलंत तरी चालतं, फक्त वाक्यं छोटी ठेवा. रेव्हिट आणि डायनामोचं व्हर्जन लिहा, कोणत्या नोडला अडतंय ते लिहा, आणि फोटो टाकताना नोडखालचे प्रिव्ह्यू उघडे ठेवा म्हणजे आत लिस्ट कशी चाललीये ते समोरच्याला दिसतं. लेसिंग (दोन लिस्टच्या जोड्या कशा लावायच्या ते) शॉर्टेस्ट आहे की लाँगेस्ट की क्रॉस प्रॉडक्ट, तेही सांगा, निम्मे घोळ तिथेच असतात. ‘अर्जंट सर’ लिहू नका, ते वाचून लोक पुढे जातात.

मात्र तुमच्या कामातला एक भाग असा आहे की ज्याला परदेशी फोरम पुरणार नाही. डायनामोमधे लिस्ट कशी फिरवायची ते तिकडचा माणूस सांगेल, पण आपलं बार बेंडिंग (सळया वाकवणं) आयएस २५०२ या भारतीय मानकाप्रमाणे चालतं, त्यातल्या हुकाच्या आणि बेंडच्या लांब्या, आणि वर आपल्या साइटवरचा फिटर रिंग कशी वळवतो, कटिंग लेंथ कशी धरतो, हे त्याला काय माहीत? स्क्रिप्टनं काढलेली लांबी आणि यार्डात कापलेली सळई यात फरक आला तर शिव्या तुम्हालाच बसणार. त्यासाठी तुम्हाला इथलीच माणसं लागतील, आणि ती बऱ्याचदा स्वतःला कॉम्प्युटेशनल वगैरे काही म्हणवत नाहीत. कोणी एक्सेलमधे मॅक्रो लिहून बसलेला असतो, कोणी ऑटोकॅडमधे लिस्प भाषेतल्या स्क्रिप्ट. अशी माणसं इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या आणि इंडियन सोसायटी ऑफ स्ट्रक्चरल इंजिनियर्सच्या कार्यक्रमांत भेटतात. लेक्चर संपल्यावर जेवणाच्या रांगेत विचारायचं, बीबीएस कशात काढता? ज्याचे डोळे चमकले तो आपला. तुमच्या फिटरलाही पहिल्या दिवसापासून यात घ्या, स्क्रिप्टचं पहिलं शीट त्याच्यासमोर ठेवा आणि एका कॉलमच्या रिंगा त्यावरून कापून बघा.

प्रश्न : मी नाशिकला आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला आहे. कॉम्प्युटेशनल डिझाइन करायचंय पण कॉलेजमधे कोणाला इंटरेस्ट नाही, सॉफ्टवेअर महाग आणि लॅपटॉप जुना. ताई, बाहेरच्या महागड्या वर्कशॉपला गेल्याशिवाय या लोकांत शिरता येत नाही का?
– तिसऱ्या वर्षाचा, नाशिक

उत्तर : येतं की. आधी पैशाचं बघू. राइनोचं ट्रायल ९० दिवस पूर्ण चालतं आणि राइनो ६ पासून ग्रासहॉपर त्यातच असतं, पण ९० दिवस हातात कमी असतात, सेमिस्टर सबमिशनच्या तोंडावर चालू करून वाया घालवू नकोस. कायमचं फुकट हवं असेल तर ब्लेंडर घे, त्यावर बोन्साय म्हणून अॅड-ऑन आहे, आधी त्याचं नाव ब्लेंडरबिम होतं, त्यात थेट आयएफसी (बिल्डिंग मॉडेलचा सगळ्या सॉफ्टवेअरना चालणारा खुला फॉरमॅट) मॉडेल करता येतं, आणि ग्रासहॉपरसारखे नोड हवे तर स्वर्चोक आहे. ही सगळी ओपन सोर्सवाली मंडळी ओएसआर्क नावाच्या कम्युनिटीत जमतात. विद्यार्थ्याला मला तर हीच जागा जास्त बरी वाटते, कारण इथे नुसतं विचारायचं नसतं, डॉक्युमेंटेशनमधली एखादी चूक दुरुस्त करून दिलीस तरी तू त्यांच्यातला झालास, डिग्री कोणी विचारत नाही.

दुसरं, तू नाशिकचा आहेस तर कोपरगावला जाऊन आलायस का? दोनेक तासांवर आहे. तिथल्या शाळेत माया सोमय्या लायब्ररी आहे, मुंबईच्या समीप पाडोरांच्या ऑफिसनं २०१८ मधे केलेली, जमिनीतून उचलल्यासारखं विटांचं पातळ कवच, पोरं थेट छतावर चढून जातात. कॅटलन पद्धतीचा व्हॉल्ट (पातळ विटांचे थर लावून केलेली कमानदार छत) आहे आणि त्याचा आकार राइनोव्हॉल्टमधे काढलाय, म्हणजे झुरिकच्या ईटीएचमधल्या ब्लॉक रिसर्च ग्रुपनं लिहिलेल्या प्लगिनमधे. स्विस लॅबचं सॉफ्टवेअर आणि अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यातलं वीटकाम, मधे मुंबईचं एक ऑफिस. परवानगी काढून बघून ये, स्केच कर, मग राइनोव्हॉल्ट उतरवून तसा व्हॉल्ट स्वतः काढून बघ आणि जिथे अडेल तिथे फोरमवर प्रश्न टाक. असा प्रश्न घेऊन आलेल्या पोराला लोक वेळ देतात.

वर्कशॉपचं म्हणशील तर घाई नको. आशियातली या विषयाची मोठी कॉन्फरन्स म्हणजे काड्रिया, ती २०१२ ला चेन्नईत आणि २०२३ ला अहमदाबादला झाली, म्हणजे आपल्याकडे येतच नाही असं नाही. तोवर तिचे आणि युरोप-अमेरिकेतल्या तसल्याच कॉन्फरन्सचे पेपर क्यूमिनकॅड या ऑनलाइन संग्रहात वाचायला मिळतात. कोणाचा पेपर आवडला तर त्यांना मेल कर, दोन परिच्छेदांचा, आणि त्यात एक नेमका प्रश्न असू दे. ‘सर मला गाइड करा’ नको. उत्तर न येणारेही असतील, दुसऱ्याला लिहायचं.

प्रश्न : ऑफिसात लिहिलेल्या स्क्रिप्ट बाहेर शेअर कराव्यात का? आमचे सर नाही म्हणतात.
– नाव नको, ठाणे

उत्तर : सरांचं बरोबर आहे. पगारावर असताना ऑफिसच्या कामासाठी लिहिलेली स्क्रिप्ट बहुतेक करारांत ऑफिसची असते, आणि क्लायंटची जॉमेट्री तर अजिबात बाहेर जाता कामा नये, एनडीए (गुप्ततेचा करार) असेल तर नोकरीवर बेतेल. अडलेला प्रश्न मात्र तुमचा आहे. चार खोटे चौकोन काढा, तीच अडचण त्यांच्यावर उभी करा आणि ती फाइल टाका. ‘इंटर्नलाइज’ केलेल्या पॅरामीटरमधे प्रोजेक्टची खरी जॉमेट्री राहून गेली नाही ना हे पाठवायच्या आधी एकदा तपासा, आणि फाइलच्या नावात बिल्डरचं नाव ठेवू नका. अख्खं टूल ओपन सोर्स करायचं असेल तर सरांकडून मेलवर होकार घ्या, तोंडी नको.