अमेरिकन पासपोर्टवरचा भाचा आणि घरमालकाची नोंद

प्रश्न : माझा भाचा अमेरिकन नागरिक असून पर्यटक व्हिसावर येऊन पुण्यात आमच्या घरी महिनाभर राहणार आहे. त्याने पोलिसांत नोंदणी करावी लागेल का?

उत्तर : येथे दोन वेगळ्या नोंदींची गल्लत नेहमी होते. विदेशी नागरिकाने स्वतः करावयाची नोंदणी ही मुख्यतः १८० दिवसांहून अधिक मुक्कामाच्या व्हिसाधारकांसाठी असून, ती भारतात आल्यापासून १४ दिवसांत करावी लागते; आपल्या भाच्याला ती लागू नाही. मात्र दुसरी जबाबदारी आपली, म्हणजे आसरा देणाऱ्याची आहे. लोक आजही ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात, ती विदेशी पाहुण्याची माहिती तो घरी उतरल्यापासून २४ तासांत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरावी लागते, आणि हा नियम केवळ हॉटेलांपुरता आहे हा समज चुकीचा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून विदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, तरी हे बंधन कायम आहे. पाहुणा झोपी जाण्यापूर्वीच पासपोर्टचे फोटोचे पान, व्हिसा आणि विमानतळावरील आगमनाचा शिक्का यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. शिक्क्यावरील तारीख पुष्कळदा पुसट असते आणि फॉर्म भरताना नेमकी तिथेच अडचण येते.