‘विच हंट’ला मराठीत काय म्हणावं? ससेमिरा, बालंट की कुभांड?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांचे वडील सांगलीला असतात आणि रोज रात्री फोनवर बापलेकींच्या अमेरिकेच्या राजकारणावर गप्पा होतात. ट्रम्प यांच्यामागे लागलेल्या तपासांचा विषय निघाला की ‘विच हंट’ हे दोन शब्द येतातच. बाबांनी त्याचं ‘चेटकिणीची शिकार’ असं भाषांतर कुठेतरी वाचलं आणि विचारलं, “अगं, पण यात चेटकीण कुठून आली?” ताईंचं म्हणणं असं, की आपल्याकडे ‘चौकशीचा ससेमिरा’ म्हणतात, तेच इथे वापरलं तर? आणि ते चालत नसेल, तर दुसरा कोणता शब्द घ्यावा?

ताई, ट्रम्प यांच्या तोंडी ‘ससेमिरा’ घालू नका. तो शब्द जन्मला ती गोष्ट नेमकी उलट्या बाजूची आहे. मला ती फार आवडते, म्हणून सविस्तर सांगतो.

एक राजपुत्र शिकारीला जातो आणि रानात वाट चुकतो. अंधार पडतो, वाघ मागे लागतो, तसा तो एका झाडावर चढतो. वर आधीच एक अस्वल बसलेलं. राजपुत्र थरथर कापायला लागतो, पण अस्वल म्हणतं, घाबरू नकोस, तू माझ्या आसऱ्याला आला आहेस. खाली वाघ ठाण मांडून बसलेला, म्हणून दोघं आळीपाळीने झोपायचं ठरवतात. पहिल्या पाळीत राजपुत्र अस्वलाच्या मांडीवर झोपतो. वाघ अस्वलाला म्हणतो, माणसाचा काय भरवसा, ढकल त्याला खाली. अस्वल ऐकत नाही. मग पाळी बदलते आणि अस्वल राजपुत्राच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतं. वाघ तेच राजपुत्राला सांगतो, आणि राजपुत्र ढकलतो. पडता पडता अस्वल फांदीला धरतं, वाचतं आणि शाप देतं. राजपुत्राला वेड लागतं. ‘ससेमिरा, ससेमिरा’ एवढंच बडबडत तो रानोमाळ भटकतो.

वैद्य थकतात. शेवटी पडद्याआडून कोणीतरी चार श्लोक म्हणतं. पहिला ‘स’ने सुरू होतो: ‘सद्भावप्रतिपन्नानां वञ्चने का विदग्धता’. विश्वासाने जवळ आलेल्याला फसवण्यात कसली आली हुशारी? तो ऐकताच राजपुत्राचा पहिला ‘स’ सुटतो आणि तो ‘सेमिरा’ म्हणू लागतो. दुसरा श्लोक ‘से’चा: समुद्रावरच्या सेतूपर्यंत जाऊन आलं तरी मित्रद्रोह्याला सुटका नाही. आता उरलं ‘मिरा’. तिसरा ‘मि’चा, त्यात मित्रद्रोही आणि कृतघ्न यांची गती सांगितली आहे. चौथा ‘रा’चा, राजाला उद्देशून. तो संपतो आणि राजपुत्र भानावर येतो.

म्हणजे ससेमिरा त्याच्या पाठीशी कोणी बाहेरून लावला नव्हता. त्याचं स्वतःचं कृत्य त्याला सोडत नव्हतं, आणि ते चारचौघांत उच्चारलं गेलं तेव्हाच तो सुटला.

आजच्या बोलण्यात ही अपराधाची बाजू पुसून गेली आहे. माझी आजी म्हणायची, “सकाळपासून या पोरानं खाऊचा ससेमिरा लावलाय.” त्यात पापबिप काही नाही, फक्त पिच्छा. वर्तमानपत्रांत ‘ईडीचा ससेमिरा मागे लागला’ असं येतं, त्यातही नुसता पिच्छाच असतो. ज्याच्या मागे लागला तो चोर की साव, हे शब्द सांगत नाही. ‘विच हंट’ मात्र सांगतो. तो म्हणणाऱ्याचा दावाच असा असतो, की मी निर्दोष आहे आणि हे ज्याला गुन्हा म्हणतात तो घडलेलाच नाही. एका शब्दाची मुळं अपराधात आणि दुसऱ्याची निरपराध माणसांच्या छळात. त्यांची अदलाबदल केली तर बोलणाऱ्याचं म्हणणंच बदलतं.

आता चेटकिणीकडे येऊ, कारण बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता.

अमेरिकेत या शब्दामागे मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव आहे आणि १६९२ साल आहे. चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फाशी दिली. एका म्हाताऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचं नाकारलं, तर त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारलं. आधी आरोप झाला तो तीन बायकांवर: एक भीक मागून जगणारी, एक अंथरुणाला खिळलेली आणि एक गुलाम. ज्यांनी ‘होय, आम्ही चेटूक केलं’ असं कबूल केलं ते बहुतेक वाचले, नाही म्हणणारे फासावर गेले. पुरावा काय, तर पीडित मुली म्हणत की आम्हाला हिचं भूत दिसतं.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. सातपुड्यात, नंदुरबारच्या डोंगराळ भागात बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपल्या हयातीतल्या आहेत. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राला उगाच करावा लागला नाही. त्यामुळे ‘डाकीणशोध’ वगैरे नवा शब्द पाडून तो राजकारण्यांच्या तोंडी द्यायला माझा ठाम विरोध आहे. ज्या बाईला झाडाला बांधलं जातं, तिचा शब्द तिच्यासाठीच राहू द्यावा.

राजकारणात हा शब्द विसाव्या शतकात रुळला, मुख्यतः कम्युनिस्ट हुडकून काढण्याच्या अमेरिकी मोहिमांबद्दल. १९५०च्या आसपास सिनेटर मॅकार्थींच्या काळात शिक्षक, लेखक, सरकारी कारकून अशांच्या नोकऱ्या संशयावरून जात होत्या. तेव्हाही ज्याच्यावर बोट होतं तो दुबळा आणि विचारणारा बलवान होता.

बदल झाला तो निक्सन यांच्यापासून. राष्ट्राध्यक्ष निक्सन वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीच्या तपासाकडे ‘विच हंट’ म्हणून पाहतात, अशी बातमी १९७३च्या जुलैत आली. इथे देशातला सर्वांत बलवान माणूस हा शब्द स्वतःसाठी घेतो. लोकांनी तो मानला का? त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, शनिवारी रात्री, निक्सन यांनी विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढायला लावलं. ॲटर्नी जनरल म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख रिचर्डसन यांनी तो हुकूम मानण्याऐवजी राजीनामा दिला. पुढच्या काही दिवसांत वॉशिंग्टनला आलेल्या निषेधाच्या तारा लाखांच्या घरात गेल्या. व्हाइट हाउससमोर लोक पाट्या घेऊन उभे राहिले, ‘महाभियोग हवा असेल तर हॉर्न वाजवा’, आणि येणारीजाणारी गाडी हॉर्न वाजवून पुढे जाई. ‘विच हंट’ला लोकांनी दिलेलं हे उत्तर होतं, आणि त्यासाठी त्यांना एक शब्दही उच्चारावा लागला नाही. ८ ऑगस्ट १९७४ला निक्सन यांनी टीव्हीवर राजीनामा जाहीर केला.

ट्रम्प यांच्या बाबतीत असं एकमुखी काही झालं नाही, आणि म्हणूनच ताईंना शब्द अडतो आहे. २०१६च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाचा तपास करायला १७ मे २०१७ला विशेष वकील म्हणून रॉबर्ट मुलर यांची नेमणूक झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ट्रम्प यांनी लिहिलं, की अमेरिकेच्या इतिहासात कुठल्याही राजकारण्याविरुद्ध झालेलं हे सर्वांत मोठं ‘विच हंट’ आहे. मुलर यांच्या पथकाने पुढे ३४ माणसांवर आणि ३ कंपन्यांवर आरोप ठेवले. समर्थकांच्या तोंडी शब्द पक्का बसला तो बसलाच.

मग आला ८ ऑगस्ट २०२२. निक्सन यांच्या त्या भाषणाला बरोबर ४८ वर्षं झाली होती. फ्लोरिडातल्या मार-ए-लागो या ट्रम्प यांच्या घरी एफबीआयचे, म्हणजे केंद्रीय तपास संस्थेचे लोक न्यायालयाचं वॉरंट घेऊन, गोपनीय सरकारी कागदपत्रांच्या शोधात शिरले. ट्रम्प तेव्हा न्यूयॉर्कला होते. त्यांनी स्वतःच निवेदन काढलं, त्यात घराला ‘वेढा’ पडला आहे, ‘छापा’ पडला आहे, घर ‘ताब्यात’ घेतलं आहे, असे लढाईचे तीन शब्द होते. सरकारी कागदावर मात्र एकच शब्द होता, ‘झडती’. संध्याकाळपर्यंत झेंडे घेऊन समर्थक फाटकाबाहेर जमले. माजी राष्ट्राध्यक्षाच्या घरात शिरतात तर उद्या तुमच्या घरात शिरतील, असं एक बाजू म्हणू लागली. कायद्यापेक्षा कोणी मोठा नाही, असं दुसरी. ११ तारखेला ॲटर्नी जनरल गारलँड यांनी वॉरंट मागण्याचा निर्णय आपण स्वतः मंजूर केल्याचं सांगितलं. त्याच दिवशी सिनसिनाटीत एका बंदूकधाऱ्याने एफबीआयच्या कार्यालयावर हल्ला केला आणि नंतर तो पोलिसांच्या गोळीने मेला.

आपल्या बातम्यांत तेव्हा सर्रास ‘छापा’ आला. मला तो खटकला होता. छापा म्हटलं की मराठी माणसाला १६६३चा लाल महाल आठवतो: रात्र, अचानक चाल, शत्रू गाफील. ‘धाड’ तर मुळात दरोडेखोरांची, नाहीतर टोळांची. ‘झडती’ हा झाडून पाहण्याचा शब्द आहे. पेशवाईच्या दप्तरात गावच्या जमाखर्चाच्या कागदाला ‘गावझडती’ म्हणत. वॉरंट, यादी, जप्तीची पावती असं सगळं असताना ‘झडती’ हाच शब्द नीट बसतो. पुढे जानेवारी २०२३मध्ये बायडन यांच्या विलमिंग्टनच्या घरी एफबीआयने तशाच कागदपत्रांसाठी संमतीने जवळपास १३ तास तपासणी केली. तिला छापा म्हणावं असं तेव्हा कोणाला फारसं वाटलं नाही. दोन्हींत फरक आहेच, एकीकडे वॉरंट होतं आणि दुसरीकडे संमती. पण छापा दोन्हीकडे नव्हता.

तर मग ‘विच हंट’साठी काय? खोट्या आरोपासाठी मराठीत शब्दांची ददात नाही, उलट निवड करताना थांबावं लागतं. ‘आळ’ हा सगळ्यांत साधा. चतुर्थीचा चंद्र पाहिला म्हणून कृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आला तो आळ. आळ घेणारा कपटीच असतो असं नाही, त्याचा गैरसमजही असू शकतो. ‘किटाळ’ म्हणजे चांगल्या नावाला लागलेला डाग. ते आलं तसं टळतंही, म्हणून तर ‘किटाळ टळलं’ म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडतो. ‘बालंट’ अंगावर येतं, ध्यानीमनी नसताना. बालंटात ज्याच्यावर आलं त्याची हबेलंडी दिसते, आणणारा दिसत नाही. आणि ‘कुभांड’ रचावं लागतं. त्यात कोणीतरी बसून, ठरवून, तुकडे जोडून बनाव केलेला असतो. ट्रम्प जे म्हणतात त्यात रचणारे लोक हाच मुद्दा असतो: अमके वकील, तमका पक्ष, सरकारातले लपलेले विरोधक. म्हणून त्यांच्या तोंडी शब्द घालायचा तर तो ‘कुभांड’. शोधाशोधीची, पाठलागाची छटाही हवी असेल तर ‘कुभांड रचून हात धुवून मागे लागलेत’ म्हणा. सांगलीच्या बाबांना चेटकीण शोधावी लागणार नाही.

एक गोष्ट मात्र जपा. कुभांड हा निवाडा आहे. मार-ए-लागोच्या प्रकरणात जून २०२३मध्ये आरोप दाखल झाले आणि जुलै २०२४मध्ये न्यायाधीश कॅनन यांनी खटला रद्द केला, तोही त्या प्रकरणातल्या विशेष वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून. कागदपत्रांबद्दल दोषी की निर्दोष हे कोणत्याही ज्यूरीने सांगितलेलं नाही. तेव्हा तुमच्या स्वतःच्या वाक्यात ना ‘कुभांड’ यावं, ना ‘गुन्हा’. तिथे ‘तपास’. ‘चौकशी’ही मी टाळेन, कारण चौकशी आपण तब्येतीचीही करतो.

‘फेडरल’चंही बाबांना सांगून ठेवा. न्यूयॉर्कच्या ज्यूरीने मे २०२४मध्ये ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी धरलं तो खटला राज्याचा होता, फेडरल म्हणजे केंद्राचा नव्हता. राष्ट्राध्यक्षाचा माफीचा अधिकार फेडरल गुन्ह्यांपुरताच चालतो, त्यामुळे हा भेद नुसता शब्दांचा नाही. ‘केंद्रीय तपास’ म्हटलं तर बाबांना चटकन कळेल. ‘संघीय’ बरोबर आहे, पण ते कानाला वेगळ्याच संघाकडे नेतं.

सेलमच्या लोकांना स्वतःच्या गावाच्या नावाने हा शब्द वापरला जाताना काय वाटतं, तेही सांगतो. डिसेंबर २०१९मध्ये ट्रम्प यांनी महाभियोगाच्या वेळी पत्रात लिहिलं, की सेलमच्या आरोपींनाही माझ्यापेक्षा जास्त न्याय मिळाला. तेव्हाच्या सेलमच्या महापौर किम ड्रिस्कॉल यांनी लगेच सुनावलं की जरा इतिहास शिका, तिथे पुरावा नव्हता आणि मेले ते दुबळे, निरपराध लोक होते. सातपुड्यातल्या बायांसाठी मला जे वाटतं, तेच त्या आपल्या गावच्या मेलेल्यांसाठी म्हणत होत्या.

आता ताई, फोनवरचं वाक्य. कागदावर ‘कुभांड’ला अवतरणचिन्हं देता येतात, बोलताना ती कुठून आणायची? मोह होतो तो ‘म्हणे’चा: “हे सगळं कुभांड आहे म्हणे.” पण त्या एका ‘म्हणे’ने तुम्ही ट्रम्प यांच्यावर अविश्वास दाखवून मोकळ्या होता, आणि बाबांना वाटतं लेकीचं मत ठरलेलं आहे. त्याऐवजी असं सांगा: “बाबा, केंद्रीय तपास चालू होता. ट्रम्प म्हणतात, हे माझ्याविरुद्ध रचलेलं कुभांड आहे. त्यांच्या लोकांना ते पटतं, बाकीच्यांना नाही पटत.”