सॉफ्टवेअर घेतलं, पण वही सुटंना

प्रश्न : सांगलीत आमची हळदीची पेढी आहे, दीड लाखाचं सॉफ्टवेअर घेतलं पण दिवाणजी अजून वहीतच लिहितात अन् रात्री पोरगं ते कॉम्प्युटरला चढवतंय. पैसे पाण्यात गेले का?

उत्तर : पाण्यात नाही ओ, पेवात गेलेत! सांगलीजवळच्या हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, हळद घालून तोंड बंद करायचे, तसं तुमचं झालंय, माहिती आत जाते पण बाहेर कोण काढतच नाही. उलाढाल ५ कोटींवर असली तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांना ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचंच आहे, ते सोडा, पण कुणाची उधारी लांबली, कुठला लॉट पडून आहे हे रोज सकाळी मालकानं स्वतः स्क्रीनवर बघायला पायजे, दिवाणजींना विचारून नव्हे. आधी फक्त उधारीची वही बंद करा. आणि दिवाणजींना शिकवायला पोराला बसवू नका, पोरगं चिडतंय.